जागाबाईंना परत पाठवलं, तो सोमवार

जागाबाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ धजत नाही. एकाच खोलीत समोरासमोरच्या टेबलांवर आम्ही बरीच वर्षं काढली. पण त्यांचं माहेर कुठलं, त्यांना गाणं आवडायचं की नाही, घरी त्या कधी रागवायच्या का, यातलं मला काहीच ठाऊक नाही. मी विभागाचा हिशेब बघायचो. मान खाली घालून बसायची सवय, त्यामुळे माणसापेक्षा त्याच्या चपला मला लवकर ओळखू येत. विभागाच्या स्मरणिकेत बाईंवर कोणीतरी लिहावं असं ठरलं, ज्यांना लिहिता येतं त्यांना सवड नव्हती, म्हणून हे माझ्याकडे आलं. पुढे जे सांगतो त्यातलं पुष्कळसं मी पाहिलेलं नाही. ते बाईंनीच सांगितलं, सगळ्यांचे आवाज काढून. मला आवाज काढता येत नाहीत, तेवढं सांभाळून घ्यावं.

जागाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक सत्र बाहेर कुठेतरी काम करावं लागे. त्याला कॉलेजात इंटर्नशिप म्हणत. शाळा, दवाखाना, वृद्धाश्रम, एखाद्या कारखान्याचं नोकरभरतीचं ऑफिस, जिथे म्हणून माणसाच्या मनाशी गाठ पडेल अशी कुठलीही जागा चाले. ह्या जागा शोधून देणं हे बाईंचं काम. मुलं दारातून डोकं आत घालून एवढंच विचारत, "बाई, जागा?" त्यातून नाव पडलं. बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा रागवायचं सोडून त्यांनी ते उचललंच. फोनवर त्या खुशाल "जागाबाई बोलतेय" म्हणून मोकळ्या होत.

बाई बेताच्या उंचीच्या, आवाज मात्र दोन मजले ऐकू जाणारा. केस कायम नुकतेच काळे केलेले. पर्समध्ये जादा चष्मा, काळा गॉगल आणि डोक्याला बांधायचा रुमाल. हे सामान कशासाठी, ते सांगतो.

बाईंची कामाची एक पद्धत होती. मुलाला कुठेही पाठवायच्या आधी त्या स्वतः तिथे गिऱ्हाईक होऊन जाऊन येत. "साहेब टेबलावर दाखवतो ते वेगळं आणि गिऱ्हाइकाच्या पदरात पडतं ते वेगळं," असं त्यांचं म्हणणं. त्यातही एक खुबी होती. जिथे पोरगं सोमवारी येणार असं कळवलेलं असे, तिथे प्रत्यक्षात त्या पोराला मंगळवारी यायला सांगत. सोमवारी नवीन मुलगा येणार म्हणून ऑफिसातली माणसं कशी वागतात, टेबलं पुसतात की नाकं मुरडतात, ते ह्या गिऱ्हाईक बनून कोपऱ्यात बसून बघत. मग दुपारी तिथूनच बाहेर पडून फोन करत, "अहो, आमच्या मुलाला जरा सर्दी झालीय, उद्या येईल हं." आमच्या विभागातल्या मुलांना फार सर्दी होते असा गावभर बोभाटा होता.

ह्या पद्धतीपायी काय काय घडलं, त्यातलं थोडंच सांगतो. झोप न येणाऱ्यांच्या दवाखान्यात बाई तपासायला गेल्या आणि पलंगावर पाठ टेकताच ढाराढूर झोपल्या. डॉक्टरांनी हलवून उठवलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आजार घरी विसरून आलात." बेकारांना सल्ला देणाऱ्या केंद्रात त्या बेकार होऊन गेल्या, तर तिथल्या माणसाने त्यांना एका गोदामात देखरेखीची नोकरी मिळवूनच दिली आणि त्या रुजू का होत नाहीत म्हणून आठवडाभर फोन करत राहिला. सगळ्यात गाजलं ते लग्न जुळवणारं मंडळ. बाईंनी तिथे वधू म्हणून नाव घातलं. दोन दिवसांनी घरी फोन आला. तो बाईंच्या यजमानांनी उचलला.

"मुलीचे वडील बोलताहेत का?"

"नाही, मुलीचा नवरा."

मग यजमानांनीच विचारलं म्हणे, "मुलगा काय करतो?"

मंडळाचा मालक तणतणत आमच्या विभागप्रमुखांकडे आला. सर शिस्तीचे. हसायचं झालं तर आधी दार लावून घेतील, अशा बेताचे. त्यांनी बाईंना बोलावून बजावलं, "हे वेषांतर पुन्हा माझ्या कानावर आलं, तर इंटर्नशिपचं टेबल तुमच्याकडून काढून घेईन. परीक्षा विभागात बसाल." बाई कान धरायच्या तेवढ्या राहिल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, सर काय म्हणाले, नीट ऐकलंत? त्यांच्या कानावर यायला नको."

त्या वर्षी बाईंच्या वाट्याला आली हसरी.

ही पोरगी अभ्यासात चोख, वागायला गरीब, खोट एकच. घाबरली की हसायची. साधंसुधं नाही, खांदे उडवून, डोळ्यांत पाणी येईतो. तिला थांबवता यायचं नाही. आणि मानसशास्त्राच्या धंद्यात तर घाबरायचे प्रसंग पावलोपावली. पहिल्यांदा तिला वृद्धाश्रमात पाठवलं. एका आजोबांनी डोळे पुसत बायको गेली त्या दिवसाची हकिगत सांगायला घेतली. आता आपल्याला काय बोलता येणार, ह्या धास्तीने हसरीला हसू फुटलं. आजोबांनी काठी उगारली. दुसऱ्यांदा तिला एका शाळेच्या समुपदेशनाच्या खोलीत बसवलं. तिथे एका मुलाचे आईबाप एकमेकांवर वस्सकन ओरडायला लागले, आणि ही खुदखुदली. तशी दोघं भांडण सोडून तिच्यावर तुटून पडली. मुख्याध्यापकांनी तिला परत पाठवलं.

"पण सर, त्या दोघांचं एवढी वर्षं कशावरच एकमत होत नव्हतं," बाईंनी विभागप्रमुखांना सांगून पाहिलं. "हिच्यामुळे झालं ना?"

सर काही विरघळले नाहीत. नियम साधा होता. तिसऱ्या जागेवरून परत आलेल्याचं वर्ष बुडे. हसरीचं शिक्षण चालू होतं ते मोठ्या भावाच्या जिवावर, आणि त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, की एक वर्ष जरी वाया गेलं तरी कॉलेज बंद, दुकानात बसायचं. हे सांगतानाही ती हसत होती. बाईंनी तिला पाणी दिलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "जा आता घरी. तुला हसत हसत खपवून घेईल अशी जागा मी शोधते."

असं म्हणाल्या खऱ्या, पण तशी जागा काही सापडेना. बाईंनी फोनवर फोन केले. दवाखाना नको, शाळा नको, तुरुंग तर नकोच नको. एकदा तर त्यांनी सर्कशीला फोन लावला. तिथे म्हणाले, हसणारी माणसं आमच्याकडे तिकीट काढून येतात.

मग एक दिवस घरी जाताना चौकात त्यांना गर्दी दिसली. छपरावर शिकाऊ चालकाची पाटी लावलेली एक छोटी गाडी बरोब्बर मधोमध बंद पडली होती. मागे भोंग्यांचा कल्लोळ. स्टिअरिंगवर एक गोलमटोल गृहस्थ दोन्ही हात वर करून बसलेले, जणू कोणी पिस्तूल रोखलंय. शेजारी बसलेला मास्तर ओरडत होता, "हात खाली घ्या! हात खाली!" गृहस्थांनी हात खाली घेतले, दार उघडलं आणि सरळ फूटपाथवरून चालत निघून गेले.

बाईंनी तिथल्या तिथे गाडीवरचा फोन नंबर पाठ केला. भिणाऱ्यांची अशी तयार गाडी त्यांना आयती कुठे मिळणार होती?

दुसऱ्या दिवशी फोनवर मास्तर म्हणाला, "मानसशास्त्र? माझ्या गाडीत? गाडीत आधीच गुडघे मावत नाहीत."

"मागच्या सीटवर बसेल ती. शिकणाऱ्यांशी बोलेल, त्यांची भीती कमी करेल."

"भीती मीच घालतो त्यांना, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"छे हो! पण किती जण शिकायचं अर्धवट टाकून जातात?"

बाईंनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. मास्तर म्हणाला, "सोमवारी पाठवा. जमलं तर ठेवीन, नाहीतर तिथल्या तिथे परत. मला तोंडदेखलं बोलता येत नाही."

बाईंनी हसरीला मंगळवार सांगितला, आणि सोमवारी सकाळी डोक्याला रुमाल बांधून, गॉगल लावून स्वतः निघाल्या. गाडी शिकायला आलेली भित्री बाई, असं सोंग ठरलं होतं. ह्या वेळी सोंगाची फारशी गरजही नव्हती. बाईंना गाडी येत नव्हती आणि रस्ता ओलांडतानाही त्या अनोळखी माणसाचा हात धरत.

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे टायरच्या दुकानाला लागून असलेली एक अरुंद खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, एक बाक आणि पाण्याचा पिंप. बाकावर चौकातले तेच गोलमटोल गृहस्थ बसले होते. त्यांची बेकरी होती. पावाची गाडी चालवणारा त्यांचा माणूस सोडून गेला म्हणून त्यांना स्वतःच शिकणं भाग होतं. मास्तर किल्ल्या शोधत होता.

बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "नमस्कार, मला गाडी..."

"आलात? उशीर केलात," मास्तर वळूनही न बघता म्हणाला. "मागे बसा. हे बेकरीवाले काका. ह्यांच्यापासून सुरुवात करा."

बाई गडबडल्या. गॉगल काढून म्हणाल्या, "अहो, मी..."

मास्तरने एकदा वर बघितलं. "कॉलेजवाल्याच ना? मानसशास्त्र? हल्ली कुठल्याही वयाची माणसं शिकतात, चांगलंय. चला, लवकर."

इथे बाईंनी खरं सांगायला हवं होतं. त्या स्वतःही मला तसंच म्हणाल्या. पण मास्तरने त्यांना विद्यार्थिनी समजावं, ह्याने त्यांना आतून एवढ्या गुदगुल्या झाल्या, की त्या निमूट मागच्या सीटवर जाऊन बसल्या. शिवाय त्यांच्या शिकण्याच्या काळात इंटर्नशिप नावाचा प्रकारच नव्हता. एवढ्या पोरांना कामाला लावलं, आपण मात्र कधीच लागलो नाही. आज लागून बघू, असं मनात आलं.

गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली. काकांचा घाम मानेवरून ओघळत होता. बाईंनी पुढे वाकून, वर्गात सांगतात तशा मायेने सांगितलं, "काका, आता एक दीर्घ श्वास घ्या बरं."

काकांनी दीर्घ श्वास घेतला आणि त्यासाठी डोळे मिटले.

मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. त्याने तो मारला तेव्हा बाईंचं नाक पुढच्या सीटला लागलं.

"डोळे कोणी मिटायला सांगितले?"

"श्वास घेताना मिटतातच ओ माझे," काका रडकुंडीला येऊन म्हणाले.

"मग नका घेऊ श्वास!"

पुढे सिग्नल लाल होता. थांबल्या थांबल्या बाईंनी दुसरा उपाय काढला. "काका, लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची?"

"वडिलांची," काका म्हणाले, आणि अख्खे मागे वळून सांगायला लागले. वडील भट्टीपाशी उभे राहून कसे बघायचे, पाव करपला की कसे काहीच न बोलता तो पाव ह्यांच्या हातात द्यायचे. गोष्ट रंगली होती. बाई "अगं बाई", "मग हो?" करत ऐकत होत्या. दिवा हिरवा झाला, पिवळा झाला, पुन्हा लाल झाला. मागचे भोंगे एकसुरात वाजत होते. मास्तर कपाळाला हात लावून बसला होता.

"पुढे बघा! वडील मागच्या सीटवर नाहीयेत!"

काकांनी पुढे बघितलं आणि दचकून गाडी हाणली. समोरून एक ट्रक येत होता, चांगला लांबून, आपल्या बाजूने. पण तो दिसताच बाई दोन्ही हातांनी काकांचे खांदे धरून किंचाळल्या, "थांबवा! मेलो!"

काकांनी थांबवली. चौकाच्या मधोमध. मागच्या वेळच्याच ठिकाणी.

मास्तरने खाली उतरून मागचं दार उघडलं. त्याचा आवाज आता खाली आला होता, आणि बाई म्हणाल्या, तोच जास्त भीतिदायक वाटला. "ताई, उतरा. तुमच्या कॉलेजला सांगतो मी. उद्यापासून येऊ नका."

बाई चांगल्या लांबून चालत आल्या. चपलेचा अंगठा तुटला होता, पण त्या रस्ताभर एकट्याच हसत होत्या. इतका ऐन रंगातला किस्सा आपल्या पदरात कधी पडला नव्हता, एवढंच त्यांच्या डोक्यात. त्या नादात मुलीच्या सर्दीचा फोन करायचा साफ राहून गेला. करायचा तरी कशाला? मास्तरच्या हिशेबी मुलगी येऊन, घोळ घालून, गेलीसुद्धा होती.

चहाच्या वेळेला त्या खोलीत आल्या आणि मला सगळं करून दाखवायला लागल्या. मास्तर, काका, ट्रक, सगळं. मी बहुतेक खालीच बघत होतो, पण मलाही हसू आवरेना. एवढ्यात शिपाई आत आला आणि म्हणाला, "बाई, सरांनी त्या हसऱ्या पोरीला बोलावून घेतलंय. गाडीवाल्याचा फोन आला होता. तिसऱ्यांदा परत पाठवली म्हणे."

बाईंचा कप ओठांपाशी तसाच राहिला.

मग त्यांनी तो खाली ठेवला. "भाऊ," त्या म्हणाल्या, "ती परत पाठवलेली मी."

अशा वेळी काय बोलतात ते मला कधीच सुचलेलं नाही.

"मास्तरला फोन करू? म्हणावं, माणूस चुकला तुमचा."

"सरांना कळेलच," मी म्हणालो.

"कळेल हो." त्यांनी टेबलावरून नजर फिरवली. एका बाजूला शहरातल्या सगळ्या दवाखान्यांची, शाळांची, ऑफिसांची कार्डं रबरबँड लावून ठेवलेली होती. "सांगायला गेले तर हे गेलं. आणि नाही गेले तर ती पोरगी दुकानात जाऊन बसेल." असं म्हणून त्या उठल्या आणि एका पायात तुटकी चप्पल फरफटवत सरांच्या खोलीकडे गेल्या. दार उघडंच होतं. आमच्या खोलीतून सगळं ऐकू येई.

"सर, मी गेलेच नव्हते," हसरी म्हणत होती आणि तिला हसू फुटत होतं. "मला तर उद्या..."

"खोटं बोलता आणि वर हसता?"

"ती हसत नाहीये सर, घाबरलीय," बाईंचा आवाज.

"बाई, तुम्ही मध्ये पडू नका. तो मास्तर काय सांगतोय ऐका. तुमची मुलगी फार बोलते म्हणे. चालवणाऱ्याला डोळे मिटायला लावले, त्याच्या वडिलांची चौकशी केली आणि शेवटी स्वतःच किंचाळली."

"पण मी किंचाळत नाही, सर," हसरी हसता हसता कशीबशी म्हणाली. "मला किंचाळता येतच नाही. माझं हे असं होतं."

सर थांबले. हे त्यांनाही पटण्यासारखं होतं.

"वयाबद्दल काही म्हणाला का तो?" बाईंनी हळूच विचारलं.

"म्हणाला, जरा थोराड वाटते."

"जरा?" बाईंच्या आवाजातली खुशी लपली नाही. मग त्यांनी गळा साफ केला. "सर, ती मी होते."

सरांनी चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"मागच्या वेळी काय ठरलं होतं आपलं?"

"आठवतंय सर."

"ते लग्नाचं मंडळ."

"हो. त्या मुलाचं जमलं हो नंतर."

"बाई!"

"नाही सर, गप्प बसते."

"परत पाठवलं ते तुम्हाला. तेव्हा ते हिच्या नावावर लागणार नाही," सर म्हणाले. नियमाला ते पक्के होते, आणि पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं. "पण हिला अजून जागा नाही, आणि आठवडा संपेपर्यंत नसेल तर वर्ष तसंही गेलं. आणि तुमचं टेबल शुक्रवारी मी दुसऱ्याकडे देणार."

"कोणाकडे?"

"जो कधी कुठेच जात नाही, त्याच्याकडे."

मी खाली बघितलं.

मंगळवारी सकाळी बाई पुन्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभ्या. आज रुमाल नाही, गॉगल नाही, मागे हसरी. काका बाकावर होतेच. बाईंना बघून त्यांनी पाय वर घेतले.

"पुन्हा आलात?" मास्तर म्हणाला.

बाईंनी सगळं खरं खरं सांगितलं. मास्तर ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही पोरांना कामाला लावता?"

"हो."

"तुम्ही?"

"हो हो, मीच."

"आणि पोरं टिकतात कामाला?"

"मला हे काम शिकवलेलं नाही हो कोणी. ही शिकलेली आहे. एक फेरी मारून बघा, बस."

मास्तरने हसरीकडे बघितलं. त्याच्या त्या बघण्यानेच तिचे खांदे उडायला लागले.

"ही हसतेय का मला?"

"घाबरली की हसते ती."

"ताई, माझ्या गाडीत रोज माणसं घाबरतात. त्यात मागे बसून कोणी हसायला लागलं, तर माणूस गाडी भिंतीवर घालेल. नाही जमणार. जा."

बाईंनी पर्स खांद्यावर नीट केली आणि शांतपणे बाकावर काकांच्या शेजारी बसल्या. "ठीक आहे. मग मी शिकते."

"काय?"

"गाडी. माझं नाव घाला. मला शिकायचीच होती. रोज सकाळी येईन. तुम्ही पुढे माझ्या शेजारी, आणि मी स्टिअरिंगवर. येईस्तोवर सोडणार नाही."

मास्तर काकांकडे बघायला लागला. काका म्हणाले, "मास्तर, त्या पोरीला घेऊन बघू हो एक फेरी."

गाडी गेली. बाई फूटपाथवर उभ्या राहिल्या. पंधरा-वीस मिनिटांची फेरी. पण अर्धा तास झाला तरी गाडीचा पत्ता नाही. बाईंची पाचावर धारण बसली. टायरवाल्याने बसायला एक जुना टायर दिला, त्यावरून त्या पुन्हापुन्हा उठत होत्या. चौकाकडून भोंगा वाजला की डोळे मिटत होत्या. ती पोरगी हसली असणार, मास्तर पेटला असणार, काका पुन्हा चालत निघाले असणार.

शेवटी गाडी आली. काकाच चालवत होते. फूटपाथला न घासता उभी केली. हसरी मागे बसून डोळे पुसत होती. मास्तरचा चेहरा होता तसाच, दगडी.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"चौकात हसली," मास्तर म्हणाला.

"अरे देवा!"

"काका म्हणाले, काय झालं हसायला? ही म्हणाली, डावीकडून सायकल येतेय, मला भीती वाटतेय. काकांनी ब्रेक मारला. खरंच सायकल होती. पुढे पुन्हा हसली. काकांनी विचारलंच नाही, नुसता ब्रेक मारला. तिथे एक म्हातारी उतरत होती रस्त्यात." मास्तरने बोनेटवर हात टेकला. "मी ओरडलो की हे हात वर करतात. ही हसली की ब्रेक मारतात."

"मी पण घाबरलो होतो," काका खिडकीतून म्हणाले, "पण एकटाच नव्हतो ना."

"म्हणजे ठेवणार?" बाईंनी विचारलं.

"एका अटीवर. तुम्ही शिकायला यायचं नाही."

सगळंच गोड झालं असं सांगणार नाही. एक दातांचे डॉक्टर शिकायला येत. हसरीच्या हसण्यावर ते इतके भडकले, की भर रस्त्यात उतरून गेले आणि पुन्हा आले नाहीत. हसरीला त्या रात्री घरी जेवण गेलं नाही. पण सत्रभर ती टिकली. हळूहळू हसण्याआधी बोलायला शिकली. काकांना परवाना मिळाला. मास्तरने विभागप्रमुखांना तिच्याबद्दल एकच ओळ कळवली, "मुलगी गाडीत बसवण्यालायक आहे." सरांनी तेवढ्यावर तिला पास धरलं. दार लावून घेतल्यावर ते हसले, असं शिपायाचं म्हणणं. मी ऐकलं नाही.

पण हे पुढचं. त्या शुक्रवारी बाईंनी टेबल आवरलं. परीक्षा विभाग आवारापलीकडच्या इमारतीत. तिथे माणसं फक्त आकडे विचारायला येतात. वर्षभराने त्या नोकरीतून मोकळ्या झाल्या आणि लेकीकडे राहायला गेल्या. त्यांचं तिथे कसं चाललं होतं, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायची सोय राहिली नाही. त्या शुक्रवारनंतर आमचं बोलणं असं झालंच नाही. तिकडे जायला मला काही निमित्त सुचलं नाही, आणि निमित्त नसताना जायची सवय मला कधी नव्हती.

कार्डांचा गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. मग आपल्या टेबलाच्या खणाला हात लावून म्हणाल्या, "हा जरा वर उचलून ओढावा लागतो, भाऊ."

"बरं," मी म्हणालो.

"जेवलात का?"

"नाही अजून."

"मग जा की. कॅन्टीन बंद करतील."

"जातो," मी म्हणालो.